अभंग-ओव्यांचे अ‍ॅनाग्राम करताना काना-मात्रा मोजायच्या का?

कोथरूडचा_रिकामटेकडा:
मंडळी, नवीन खूळ लागलंय, जुन्या ओळीतली अक्षरं उलटीपालटी करून आजच्या बातमीवर ओळ जुळवायची. इंग्रजीत सुटी सुटी अक्षरं असतात, आपल्याकडे काना-मात्रा जोडाक्षरं सगळं चिकटलेलं, 'क्ति' आला की तो कुठे खपवायचा राव? तीन संध्याकाळी गेल्या, एक ओळ होईना. तुम्ही नियम काय धरता?

शनिपार_कट्टा:
अख्खी अक्षरं धरलीत तर जन्मात जमणार नाही. व्यंजनं तेवढी कायम, एकही कमी-जास्त नाही, स्वर आणि अनुस्वार मोकळे. तुकोबांची 'बुडती हे जन न देखवे डोळां' घ्या, १२ व्यंजनं. एक ख आणि दोन ड दिसल्यावर पुणेकराला दुसरं काय सुचणार 😄
'नळ बंद, खड्डे, नेताजी वाह!'
मोजून बघा. पसायदानातलं 'जे खळांची व्यंकटी सांडो' तर १०च व्यंजनांचं: 'चौक सजवूया, खडी टाळू'. हे २०२३च्या जानेवारीत सुचायला हवं होतं, जी-ट्वेंटीचे पाहुणे येणार म्हणून भिंती रंगवत होते तेव्हा.

नारायणपेठी:
मोजलं, बरोबर आहे. पण 'वाह' हिंदी झालं, मराठीत 'व्वा'. आणि पसायदान हे मागणं आहे, ते खडीला जुंपलेलं मला तरी आवडलं नाही. तुकोबांचं चालेल, ते स्वतःच असं बोलले असते.

शनिपार_कट्टा:
'व्वा' केलं तर ह उरतो, तुमच्या घरी पाठवू का?

बारामती_एसटी:
अहो ही खोड जुनीच, आमच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायण लिहिलं, प फ ब भ म एकही नाही, म्हणजे गोष्ट रामाची आणि 'राम' लिहायची सोय नाही! त्यापुढे तुमचे मोकळे स्वर म्हणजे चैन. मी कॅरमच्या सोंगट्यांवर खडूनं व्यंजनं लिहितो आणि सरकवत बसतो. ख, ढ, ळ आधी खपवायचे, त न र कुठेही बसतात. आणि मूळ ओळ शेजारी ठेवली की टोचलं पाहिजे, 'बुडती हे जन'शेजारी 'नळ बंद' म्हणून तर मजा आली, नाहीतर नुसतं कोडं.

कोथरूडचा_रिकामटेकडा:
सोंगट्या काढल्या, बायको म्हणाली आता हेच राहिलं होतं. ढ पासून सुरुवात केली आणि निघालं की! नारायणपेठी माफ करा, पसायदानातलीच पुढची ओळ आहे, 'तया सत्कर्मी रती वाढो':
'करवाढ, रस्त्यात माती'