विनाशोत्तर खेळांतील भूमी: ओसाड, पडीक, वैराण की बेचिराग?

प्रश्न

अणुयुद्धानंतरच्या जगात घडणाऱ्या एका व्हिडिओ गेममधील वर्णने मराठीत आणायची आहेत. त्यात 'वेस्टलँड' हा शब्द पदोपदी येतो आणि त्यासाठी एकच प्रतिशब्द ठरवावा, असा विचार आहे. 'पडीक जमीन' हा रूढ शब्द आहे, परंतु तो तलाठ्याच्या दप्तरातला वाटतो. 'प्रलयोत्तर भूमी' कसे वाटेल? तेथील प्राणी आणि हवामान यांसाठीही शब्द सुचवावेत.

प्रतिसाद १

एकच प्रतिशब्द ठरवण्याचा आग्रह सोडावा, असे मला वाटते. माणसाने सोडलेल्या भूमीसाठी मराठीत बरेच शब्द आहेत आणि तिथे आधी काय होते, हे त्यातला प्रत्येक शब्द सांगतो. 'पडीक' म्हणायचे तर तिथे पूर्वी नांगर फिरलेला असावा लागतो, किंवा निदान तो फिरावा अशी अपेक्षा तरी असावी लागते. 'ओसाड' म्हणायचे तर पूर्वी वस्ती असावी लागते, म्हणून तर पाटीलकी ओसाड गावची असते, ओसाड वाळवंटाची नसते. 'उजाड' या शब्दात झाडोरा गेल्याची खूण आहे. 'वैराण' मात्र पूर्वस्थितीची फारशी चौकशी करत नाही.

हा भेद खेळांना लावून पाहावा. 'फॉलआउट' मालिकेतला 1997 सालचा पहिला खेळ दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या मुलखात घडतो. तो मुलूख युद्धाआधीही रुक्षच होता, त्यामुळे 'वैराण' तिथे चपखल बसतो. त्याच मालिकेतला 2008 सालचा तिसरा खेळ मात्र वॉशिंग्टन शहराच्या परिसरात घडतो. कथेत युद्ध 2077 साली होते आणि आपण 2277 साली तिथे फिरतो, म्हणजे मध्ये दोनशे वर्षे गेलेली असतात. ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे 1,000 मिमी पाऊस पडतो, तिथे दोनशे वर्षांनंतरही झाडांचे करड्या रंगाचे सांगाडेच उभे दिसतात, हे निसर्गाच्या रीतीशी जुळत नाही. इतक्या काळात तिथे रान माजले असते. तरीही खेळाने जे दाखवले आहे त्याचेच वर्णन करायचे असल्याने तिथे 'उजाड' लिहावे. ती चूक खेळ रचणाऱ्यांची आहे, रूपांतर करणाऱ्याने ती दुरुस्त करू नये.

रान माजणे म्हणजे काय, याचे खरे उदाहरण चेर्नोबिल आहे. 26 एप्रिल 1986 रोजी अणुभट्टीचा स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी प्रिप्यात शहरातल्या सुमारे 49,000 लोकांना हलवण्यात आले. जवळचे पाइनचे जंगल किरणोत्साराने तांबूस पडून मेले, परंतु त्या भागात पुढे बर्च आणि इतर झाडे उगवली. आज प्रिप्यातच्या रस्त्यांतून आणि इमारतींच्या अंगणांतून झाडी वाढलेली दिसते. कीवमधल्या 'जीएससी गेम वर्ल्ड' या कंपनीने 2007 साली काढलेला 'स्टॉकर' हा खेळ याच परिसरावर बेतलेला आहे आणि त्यातले ढगाळ आभाळ, गवताने वेढलेल्या गंजक्या गाड्या व रिकाम्या सदनिका पाहून 'वैराण' हा शब्द सुचतच नाही. इथे मी 'बेचिराग' वापरीन. हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'जिथे दिवा लागत नाही असे' इतकाच आहे. कागदोपत्री गाव आहे, जमीनही आहे, पण वस्ती उरलेली नाही, अशा गावाला महसुली दप्तरात बेचिराग म्हणत. इमारती शाबूत आणि माणूस नाही, ही प्रिप्यातची अवस्था याहून नेमकी सांगता येणार नाही.

'प्रलयोत्तर' मला पटत नाही. प्रलयात लय आहे, सारे विरघळून जाते आणि पुढे नवी सृष्टी सुरू होते. या खेळांतली सगळी गंमत तर मागे काय उरले यात आहे, म्हणून 'विनाशोत्तर' बरा.

प्रतिसाद २

'बेचिराग'ला माझी हरकत आहे. आजचा वाचक 'बेचिराख' असेच वाचतो आणि त्यात त्याला राख दिसते. बॉम्बफेकीत शहर बेचिराख झाले, असे वृत्तपत्रांतूनही लिहिले जाते. मूळ व्युत्पत्ती काहीही असो, रूढ अर्थ जळून भस्म होण्याचा आहे आणि प्रिप्यात जळालेले नाही. 'ओसाड' पुरेसा आहे.

प्रतिसाद ३

हरकत योग्य आहे, परंतु तिच्यावर तोडगा निघू शकतो. ज्या शहरावर अणुबॉम्ब पडला ते 'बेचिराख' आणि ज्यातली माणसे काढून नेली ते 'बेचिराग', असे दोन्ही शब्द एकाच खेळात शेजारी आले, तर वाचक फरक सहज ओळखेल. एकट्या 'ग'वर मात्र विसंबू नये.

प्राण्यांविषयी थोडे. चेर्नोबिलच्या परिसरात 1998 साली प्रझेवाल्स्की जातीचे घोडे सोडले गेले, त्यांना 'रानघोडे' म्हणता येते, कारण ती जातच रानटी आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या बेलारूसकडील भागात लांडग्यांचे प्रमाण आसपासच्या संरक्षित वनांच्या सातपटीहून अधिक आढळले, त्यांच्यासाठी 'वन्यजीव' किंवा 'श्वापद' चालेल. पाळीव कुत्र्यांची मागे राहिलेली प्रजा मात्र यांत बसत नाही. तिला 'रानकुत्री' म्हटले तर घोटाळा होईल, कारण रानकुत्रा म्हणजे आपला कोळसून आणि ती वेगळीच जात आहे. 'मोकाट' म्हणताना कोणीतरी मालक, निदान गाव, गृहीत धरलेले असते. अशा जनावरांसाठी 'रानभरी झालेली' हा जुना प्रयोग पुन्हा वापरात आणावा.

'फॉलआउट'मधल्या दोन डोक्यांच्या गुरांना 'दुतोंडी' म्हणू नये. त्याने ढोंगी माणूस आठवतो, नाही तर मांडूळ. खेळात त्यांचे नाव 'ब्राह्मिन' आहे आणि ते अमेरिकेत भारतीय वशिंडाच्या गुरांपासून तयार झालेल्या 'ब्रह्मन' जातीवरून घेतलेले दिसते. तिसरा खेळ 2008 साली सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन भारतात प्रकाशित केला गेला नव्हता आणि तेव्हा या नावाकडेच बोट दाखवले गेले होते. मराठीत 'दोन डोक्यांची वशिंडी गुरे' असे साधे वर्णन पुरे.

हवामानासाठी दोन शब्द वेगळे ठेवावेत. खेळात घटकाभर पाऊस पडतो, धुळीचे वादळ येते, ते 'हवामान'. वर्षाचे चक्र ते 'ऋतुमान', आणि बहुतेक खेळांत ते नसतेच. 1983 साली शास्त्रज्ञांनी मांडलेल्या 'न्यूक्लिअर विंटर'साठी 'आण्विक हिवाळा' हा शब्द चालतो, पण तो ऋतू नव्हे. जळत्या शहरांची काजळी पाऊस पोहोचत नाही इतक्या उंचीवर, स्थितांबरात जाते, धुतली जात नाही आणि वर्षानुवर्षे ऊन अडवते. मराठी माणसाला हिवाळा म्हटले की हुरडा आठवतो, म्हणून निवेदनात 'काजळीचा गारठा' आणि शास्त्रज्ञाच्या तोंडी 'आण्विक हिवाळा' अशी वाटणी करावी.