‘गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा’ : हे पोस्टर नक्की कुणासाठी लावतात?

तळेगावकर (धागाकर्ता)

4 मार्च आला की आमच्या एमआयडीसीत सुरक्षा सप्ताह सुरू होतो. शपथ होते, घोषवाक्य स्पर्धा होते, साहेबांच्या हस्ते बक्षिसं वाटली जातात. आणि भिंतीवर ते ठरलेलं चित्र लागतं. एक माणूस कमरेत वाकून खोकं उचलतोय, त्यावर लाल फुली. दुसरा उकिडवा बसून उचलतोय, त्यावर हिरवी खूण.

माझं म्हणणं असं की या चित्राने कुणाची पाठ वाचत नाही. उलट पाठ धरली की दोष कामगाराच्या माथी मारायची सोय होते: ‘तुला शिकवलं होतं ना? सही आहे तुझी रजिस्टरला.’

हे नुसतं वैतागून म्हणत नाहीये. अमेरिकेच्या टपाल खात्यात सुमारे 4000 कर्मचाऱ्यांवर याचा रीतसर प्रयोग झाला होता. काहींना वजन कसं उचलायचं याचं शिक्षण दिलं, बाकीच्यांना दिलं नाही, आणि पाच वर्षांहून जास्त काळ नोंदी ठेवल्या. 1997 साली निष्कर्ष छापून आला: पाठीच्या दुखापतींत फरक नाही. पुढे 2011 मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) असे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही तेच निघालं. आपण मात्र अजून पोस्टर छापतोय, कारण पोस्टर स्वस्त आणि हॉइस्ट, म्हणजे वजन उचलायचं यंत्र, महाग.

पाठ वाचवायची तर वजन कमी करा, माल जमिनीवरून कमरेच्या उंचीवर आणा, ट्रॉली द्या. माणसाला वाकायचं कसं ते शिकवण्यापेक्षा त्याला वाकायला लागू नये असं बघा.

---

पिवळं हेल्मेट

मी सेफ्टी ऑफिसर आहे, त्यामुळे हा धागा मलाच उद्देशून आहे असं धरून लिहितो.

पोस्टर म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तुम्ही सांगितलेल्या अभ्यासांत बहुतेक ठिकाणी वर्गात बसवून शिकवलेलं आहे. शॉपफ्लोअरवर मी जे करतो ते वेगळं. कंत्राटी पोरं येतात, कालपर्यंत शेतात किंवा कॉलेजात होती. त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं की वजन अंगाशी धरायचं, आणि वळताना कंबर पिळायची नाही, पाय फिरवायचे.

‘अंगाशी धरा’ ही बोलायची गोष्ट नाही, त्यामागे गणित आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचं, किती वजन उचलावं ते काढायचं 1991 चं सूत्र बघा. सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे वजन शरीराजवळ, उंची साधारण 75 सेंटीमीटर, पीळ नाही, पकड चांगली, तरी शिफारस 23 किलोचीच. तेच वजन घोट्यांच्या रेषेपासून 25 ऐवजी 50 सेंटीमीटर पुढे धरलं की शिफारस थेट निम्मी, साडेअकरा किलो. खोकं तेच, माणूस तोच. फरक फक्त धरण्याचा. आता सांगा, हे शिकवायचं नाही?

आणि हॉइस्टचं बजेट माझ्या सहीने मंजूर होत नाही हो. जे हातात आहे ते तरी करू की नको?

---

तळेगावकर

साहेब, तुमच्याच गणितात माझं उत्तर आहे. ते 50 सेंटीमीटर होतात कशामुळे? पोरगं हौसेने हात लांब करत नाही. जाळीच्या खोल बिनमध्ये (पेटीत) तळाशी कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, पडलेलं असतं, मध्ये बिनची कड येते. तिथे उकिडवं बसणार कसं? गुडघे बिनला आपटतात. बिनची एक बाजू खाली पडणारी केली किंवा खाली बिन तिरकी करणारा टिल्टर बसवला की अंतर आपोआप 25 वर येतं. शिकवणीने येत नाही.

---

मार्केटयार्ड

दोघांचंही वाचलं. दोघांच्याही चित्रात माझे वडील नाहीत.

वडील पुण्याच्या गुलटेकडीला हमाल होते. पोस्टरमधला माणूस एकटा आहे आणि खोकं जमिनीवर आहे. मार्केटात एकटा माणूस जमिनीवरून पोतं उचलतच नाही. दोघं आकडा (लोखंडी हूक) लावून पोतं वर घेतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. घेणारा कमरेत वाकूनच उभा असतो. ताठ उभा राहिला तर पोतं टिकेल कुठे? मग तसाच वाकून फळीवरून गाडीत चढायचं आणि थप्पी मारायची. थप्पी खांद्याच्या वर गेली की खरा कस लागतो. तुमचं सूत्र दोन हातांनी समोर धरलेल्या ओझ्यासाठी आहे ना? पाठीवरच्या पोत्याला ते लावून दाखवा.

तंत्र नाही असं नाही. देणाऱ्या दोघांनी एका दमात दिलं नाही तर पोतं तिरकं बसतं आणि घेणाऱ्याची कंबर जाते. म्हणून टोळी जमलेली लागते. नवखा असला की त्याला आधी फक्त आकड्याला लावतात, पाठीवर घेऊ देत नाहीत. हे शिक्षण टोळीतच होतं, त्याला सर्टिफिकेट नसतं.

पण एक सांगतो. वडिलांनी क्विंटलची पोती वाहिली. आज बहुतेक माल 50 किलोच्या कट्ट्यात येतो. हा बदल सुरक्षा सप्ताहाने नाही झाला. बाबा आढावांची हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली माथाडींची चळवळ, 1969 चा माथाडी कायदा, त्यानंतरचे मोर्चे, काम बंद. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात 50 किलोच्या वरच्या गोणीला हात लावणार नाही म्हणून माथाडी अजूनही अडून बसतात.

---

भुसारवाला

अडून बसतात हे खरं, पण त्याची दुसरी बाजू लिहायला इथे कुणी दिसत नाही, म्हणून मी लिहितो.

10 टनाची गाडी आली. क्विंटलच्या हिशेबाने 100 पोती. पन्नासच्या हिशेबाने 200. माल तेवढाच, हमाल तेवढेच, हेलपाटे दुप्पट. हमाली नगावर असेल तर गाळ्याचा खर्चही वाढला. मग पाठ वाचली कशी? माणसाने दिवसभरात उचललं तेवढंच ना?

आणि जड गोण्या व्यापारी भरत नाही. शेतकरी बांधावर भरून आणतो. हमाली नगावर, भाडंही बऱ्याचदा नगावर, म्हणून तो गोणीत दाबून दाबून 60-65 किलो कोंबतो. त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, कारण शेतकरी.

---

सांधेसुधे

फिजिओथेरपिस्ट आहे. भुसारवाल्यांचा प्रश्न चांगला आहे, थट्टेवारी नेऊ नका.

दिवसभराची बेरीज महत्त्वाची आहेच, पण एका वेळचा सर्वात मोठा ताणही तितकाच. 100 किलो पाठीवर असताना पाय सटकला तर स्नायूंकडे सावरायला काही शिल्लक नसतं. 50 ला असतं. म्हणून 50 चे दोन हेलपाटे म्हणजे 100 चा एक, असा सरळ हिशेब होत नाही. मात्र बेरीज तशीच ठेवून वेग वाढवला तर निम्मा फायदा हातातून गेला, हेही खरं. विश्रांती कुणी मोजत नाही.

आता धागाकर्त्यांना थोडं टोचतं. ‘वाकलास की मेलास’ ही भीती पोस्टरने पसरवली, हे मान्य. 2020 साली एक मोठा आढावा आला, त्यात उचलताना पाठ वाकण्याचा आणि पाठदुखीचा थेट संबंध सापडला नाही. पण म्हणून तंत्राला काहीच अर्थ नाही असं म्हणू नका. अंतर, पीळ, झटका आणि थकवा या चार गोष्टींना अर्थ आहे. पाठीचा कोन त्यामानाने गौण.

पट्ट्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कारखान्यात सरसकट कमरेचे पट्टे वाटतात, त्याचा उपयोग नाही. अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीच्या 160 नव्या दुकानांतल्या नऊ हजारांवर कामगारांवर अभ्यास झाला होता, 2000 साली प्रसिद्ध झाला. पट्टा घालणारे आणि न घालणारे यांच्या दुखापतींत फरक नव्हता. पट्टा बांधला की ‘आता चालतंय’ असं वाटून माणूस जास्त उचलायला जातो, हे मी रोज बघते.

कंबर धरली तर पंधरा दिवस पलंगावर पडून राहू नका. जमेल तेवढं हिंडत-फिरत राहा, काही आठवड्यांत बहुतेकांना बरं वाटतं. पण पाय लुळा पडतोय, लघवी-शौचावरचा ताबा गेलाय किंवा जांघेत बधिरपणा आलाय असं झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. तिथे मालिशवाल्याकडे वेळ घालवू नका.

---

वॉर्ड नंबर सात

‘वजन कमी करा’ म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. माझं वजन म्हणजे पेशंट. 80 किलोच्या आजोबांचे 40-40 चे दोन कट्टे करता येत नाहीत.

आमच्यात शिकवण्याचा उपयोग होतो, कुणी काही म्हणो. पेशंटखाली चादर चौपदरी घालायची, दोन्हीकडून गुंडाळी अंगालगत घट्ट धरायची, एकीने मोजायचं, ‘तीन’ला सगळ्यांनी सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं. नवीन मुलीला हे सांगितलं नाही तर ती पेशंटच्या काखेत हात घालून ओढते. तिची कंबर जाते आणि पेशंटचा खांदाही दुखावतो.

हां, पण पलंग वर घ्यायचं हँडल गंजलेलं असेल, आणि रात्रपाळीला सगळ्या वॉर्डात दोघीच असतील, तर चादरही काही करत नाही. पेशंटच्या मुलालाच हाताशी घ्यावं लागतं.

---

चौथा मजला

सिलिंडरवाल्या दादांना कुणी विचारलंय का? 14.2 किलो गॅस आणि लोखंड धरून 30 किलोच्या आसपास, खांद्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. आणि लिफ्ट असली तर ‘सामानासाठी वापरू नये’ अशी पाटी. ही पाटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करून तुम्ही-आम्हीच मंजूर केलेली असते.

---

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये 1992 पासून नियम आहेत आणि त्यात क्रम ठरवून दिलाय. हाताने उचलणं टाळता येतंय का ते आधी बघा. टाळता येत नसेल तर धोका तपासा. मग तो कमी करा. पुरुषासाठी 25 किलो आणि बाईसाठी 16 हे आकडे सगळे सांगतात, पण ती कायद्याची मर्यादा नाही, तपासणीसाठी ढोबळ खूण आहे. सिमेंटची गोणी इथे 25 किलोची मिळते. भारतातून नवीन आलेला माणूस ती बघून हसतो.

पण फार स्वर्ग समजू नका. गोदामात मी काम केलंय. पहिल्या दिवशी तोच व्हिडिओ, तीच सही. मग हातात स्कॅनर देतात आणि तासाला किती नग काढले ते स्क्रीनवर दिसत राहतं. गुडघ्यात वाकून उचलायला जास्त वेळ लागतो. टार्गेट गाठायचं असेल तर सगळे कमरेतूनच वाकतात, सुपरवायझरसकट.

---

पिवळं हेल्मेट

लेस्टरकर, तो क्रम आम्हालाही माहीत आहे हो. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 34 होतंच: इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये. अडचण पुढे येते. हात कापला तर अपघात म्हणून नोंद होते, चौकशी होते. कंबर हळूहळू गेली तर ती कुठे नोंदवायची? 2025 पर्यंत लागू असलेल्या त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवायलाच हवेत अशा रोगांची यादी होती. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग) होता, आवाजाने येणारं बहिरेपण होतं. पाठ नव्हती. नोंद नाही म्हणजे मॅनेजमेंटच्या लेखी खर्च नाही, आणि खर्च नाही तर मी हॉइस्ट मागू कशाच्या जोरावर?

तळेगावकर, बिनबद्दलचं तुमचं मान्य. पण टिल्टर आला तरी पोराला तो वापरायला लावावं लागतं. घाईत सगळे हातानेच काढतात. तेही शिकवणंच झालं.

---

मार्केटयार्ड

भुसारवाले शेठ, शेतकरी दाबून भरतो हे खरं. पण तो दाबू शकतो कारण बारदाना (रिकामी गोणी) तेवढा मोठा मिळतो. साखर, सिमेंट, खत कुणी दाबून भरतं का? कारखान्यातून ठरल्या वजनाचंच येतं. युरियाची गोणी 50 ची होती, 2018 मध्ये सरकारने 45 ची केली. हमालाच्या पाठीसाठी नाही, खताचा वापर कमी व्हावा म्हणून. पण एका निर्णयाने देशभर पाच किलो उतरले की नाही? कांद्याची गोणीच 45 ची शिवा. भरणारा कितीही दाबो, जास्त जाणार नाही.

---

भुसारवाला

शिवा की. बारदाना लहान म्हणजे गोण्या जास्त, सुतळी जास्त, हमाली जास्त. हे सगळं शेवटी शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) कापलं जाणार. मग तोच येऊन माझ्या गाळ्यावर भांडणार, तुमच्या टोळीशी नाही.

---

मार्केटयार्ड

हमाली नगावर ठेवाल तर भांडणारच. क्विंटलवर करा. मग त्याने गोणी केवढी भरली याने त्याच्या पट्टीत हमालीचा फरक पडणार नाही आणि दाबून भरायचं कारणही उरणार नाही. सुतळी आणि बारदान्याचा जास्तीचा खर्च अडत्याने सोसायचा की खरेदीदाराने, त्यावर बोला. तुमच्या असोसिएशनच्या मीटिंगला हा विषय कधी घेतलाय का?

---

भुसारवाला

क्विंटलवर केलं तर तुमचीच टोळी म्हणेल, दुप्पट हेलपाट्यांचे पैसे कुठे गेले? आधी त्यांना विचारून या, मग मीटिंगचं बघू.