बोनस आलाय, क्रूझचे उरलेले पैसे आत्ताच भरून टाकू का १२ एप्रिलपर्यंत थांबू?

गोदाकाठ
आमच्याकडे चार दिवस जेवताना हाच विषय चाललाय म्हणून इथे टाकतेय. माझे आई-बाबा नाशिकहून मेच्या शेवटी येतायत, त्यांच्यासाठी ११ जुलैची सिॲटलहून सुटणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ घेतलीये. दोन केबिन, बाल्कनीवाली आई-बाबांना आणि आम्ही तिघं आतल्या बिनखिडकीच्या खोलीत. एकूण ७,४०० डॉलर. माणशी २५० प्रमाणे १,२५० डिपॉझिट डिसेंबरात भरलं, ते परत मिळणारं आहे. उरलेले ६,१५० भरायची शेवटची तारीख १२ एप्रिल, म्हणजे बरोब्बर ९० दिवस आधी.

तर नवऱ्याचा बोनस परवा जमा झाला. तो म्हणतो हातात आहेत तोवर भरून टाकू, नाहीतर सोफ्यात जातील. (सोफा मला हवाय हे खरं आहे, पण तो मुद्दा नाही.) माझं म्हणणं, दोन महिने त्या कंपनीला आपले पैसे फुकट का वापरू द्यायचे? बाबांना फोनवर विचारलं, ते बँकेतून रिटायर झालेले, ते म्हणाले, "द्यायचेच आहेत ना? मग देऊन मोकळे व्हा, देणं उशाशी घेऊन झोपू नये." म्हणजे घरात दोन विरुद्ध एक झालंय. तुम्ही काय करता?

हिशेबनीस
तुमचं बरोबर, बाकी दोघांचं चूक. सेव्हिंगला चार टक्के धरले तर ६,१५० वर साठ दिवसांचे साधारण ४० डॉलर होतात. पण खरी गोष्ट व्याजाची नाहीच. शेवटच्या तारखेपर्यंत भाव उतरला तर फोन करून नव्या भावात करून मागता येतं, तीच केबिन तोच प्रवास. आम्ही मागच्या वर्षी दर सोमवारी सकाळी चहाबरोबर भाव बघायचो, मार्चमध्ये एकदा केबिनमागे २१० उतरले, लगेच फोन लावला, चाळीस मिनिटं त्यांचं ते टिंगटिंग संगीत ऐकलं आणि घेतले कमी करून. तारीख उलटली की मग भाव निम्म्यावर आला तरी आपण फक्त बघायचं, फार तर जहाजावर खर्चायला थोडं क्रेडिट देतात तेही मर्जी असेल तर. थांबा गप.

मोकळा_श्वास
४० डॉलर!! अहो त्याच्यात पाच माणसांचं पार्किंगसकट एक जेवण होत नाही सिॲटलला. आमची गोष्ट ऐका. आम्हीही असेच शहाणे, शेवटच्या दिवशी भरू म्हणून बसलो, मधे मुलीला ताप, माझं ऑफिसचं रिलीज, आणि तारीख गेली. दोन दिवसांनी बघतो तर बुकिंग रद्द. डिपॉझिट परत आलं हो, पण तीच केबिन परत घ्यायला गेलो तर ६०० डॉलर जास्त, आणि सासू-सासऱ्यांची खोली आमच्या शेजारी होती ती गेली आणि मिळाली चार मजले खाली. सासूबाई आठवडाभर लिफ्ट शोधत होत्या. तेव्हापासून मी पैसे आले की भरतो. जुलै म्हणजे अलास्काचा भर सीझन, त्यात शेजारशेजारच्या दोन केबिन, भाव उतरायची वाट कसली बघताय. मे नाहीतर सप्टेंबरची असती तर गोष्ट वेगळी.

हिशेबनीस
तारीख विसरलात हा तुमचा दोष, थांबण्याचा नाही. फोनमध्ये अलार्म असतो.

मोकळा_श्वास
अलार्म त्या दिवशी पण वाजला होता साहेब, मी इमर्जन्सी रूममध्ये होतो.

जर्सीकर
दोघंही भांडताय पण मूळ समजुतीतच गडबड आहे. भाव कमी करून मागायचा आणि पूर्ण रिफंड घेऊन रद्द करायचा हक्क हा बहुतेक कंपन्यांत *तारखेला* बांधलेला असतो, तुम्ही पैसे भरलेत की नाही याला नाही. म्हणजे आज सगळे भरले तरी १२ एप्रिलपर्यंत भाव उतरला तर फरक कार्डावर परत येतो, आणि रद्द केलं तर सगळे परत येतात, डिपॉझिट परत मिळणाऱ्यातलं असेल तर. आधी भरलं म्हणजे अडकलं असं नाही. फक्त दोन गोष्टी तपासा. एक, भाडं घेताना "नॉन-रिफंडेबल डिपॉझिट" वाल्या स्वस्त भावात तर नाही ना घेतलं. दोन, बुकिंग थेट कंपनीकडे आहे का एजंटकडे, कारण एजंटची स्वतःची तारीख आठवडाभर आधीची असू शकते आणि रद्द करायची फीसुद्धा वेगळी असू शकते.

गोदाकाठ
थेट कंपनीकडेच केलंय, आणि डिपॉझिट परत मिळणारं, ईमेल उघडून आत्ता परत वाचलं. म्हणजे नवरा जिंकला? हे त्याला दाखवू नका कुणी.

खडूस_काकू
नाही जिंकला. "परत येतात" हे कागदावर फार छान दिसतं. आम्ही २०२० च्या एप्रिलची क्रूझ जानेवारीतच पूर्ण भरली होती, ह्यांचा हट्ट. १३ मार्चला अमेरिकेतल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांनी जहाजं थांबवली, आणि मग सुरू झालं. आधी म्हणाले पैसे नको, पुढच्या क्रूझसाठी १२५ टक्के क्रेडिट घ्या. आम्ही म्हटलं क्रेडिट नको, पैसे द्या. पैसे आले सप्टेंबरच्या शेवटी, ते पण तीन तुकड्यांत, कुठला तुकडा कशाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, वही घेऊन बसायचे मी. माझ्या मैत्रिणीनं त्याच जहाजाचं फक्त डिपॉझिट भरलेलं, ती निवांत. दुधानं तोंड पोळलंय, आता मी ताकच काय पाणी पण फुंकून पिते. पैसे आपल्या खात्यात असले की आपण राजे, त्यांच्या खात्यात गेले की आपण लायनीत.

जर्सीकर
काकू, महामारी दरवर्षी येत नाही. आणि त्यानंतर नियम बदललाय, २०२२ पासून फेडरल मेरिटाइम कमिशनच्या (जहाज कंपन्यांवर देखरेख करणारी इथली सरकारी संस्था) नियमात कंपनीनं प्रवास रद्द केला किंवा सुटायला तीन दिवस किंवा जास्त उशीर झाला तर रिफंड द्यावाच लागतो.

खडूस_काकू
द्यावा लागतो हो, पण कंपनीच उरली नाही तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन क्वीन व्हॉयेजेस बंद पडली तेव्हा आगाऊ भरलेल्या लोकांना ते जे हमीचे बाँड असतात तिकडे क्लेम टाकत बसावं लागलं. बाँड आहे हे चांगलंच आहे, पण क्लेम म्हणजे फॉर्म, पावत्या आणि वाट बघणं.

गेटवे_ऑफ_मुंबई
मी मुंबईतून बोलतोय, इथे तर हा वाद घालायची चैनच नाही, बरेच एजंट अर्धे आज द्या उरलेले महिन्यात द्या नाहीतर भाव गेला म्हणून मागे लागतात. आणि बुडायची उदाहरणं आपल्याकडेही आहेत की. जलेश क्रूझेस २०१९ मध्ये मुंबईतून वाजतगाजत सुरू झाली, २०२० मध्ये बंद. सिंगापूरवाली ड्रीम क्रूझेस, जिच्यात अर्ध्या दादरची माणसं जाऊन आली असतील, तिची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये कोसळली.

शिवाय आमच्याकडे यंदा थांबायचं एक वेगळंच कारण आलंय. परदेशी टूर पॅकेजवर १० लाखांपर्यंत ३१ मार्च २०२६ पर्यंत ५ टक्के टीसीएस (एजंट आपल्याकडून आधीच घेऊन सरकारकडे भरतो तो कर), तो बजेटनुसार १ एप्रिल २०२६ पासून २ टक्के. माझ्या मेव्हण्याचं आठ लाखांचं पॅकेज आहे, आत्ता भरले असते तर ४०,००० कापले असते, एप्रिलमध्ये १६,०००. रिटर्न भरल्यावर मिळतात ते परत, पण तोवर २४,००० सरकारकडे कशाला ठेवायचे. तो एजंटला रोज काहीतरी कारण सांगतोय, काल म्हणे चेकबुक सापडत नाही. तुम्हाला अमेरिकेत याचा उपयोग शून्य, पण आता सांगितलंच.

पासपोर्ट_पिशवी
सगळे पैशावर बोलतायत आणि कुणीच विचारलं नाही, ताई, आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा झालाय का?

गोदाकाठ
कॅनडाचा? क्रूझ सिॲटलहून सिॲटललाच आहे. त्यांचा अमेरिकेचा आहे, दहा वर्षांचा.

पासपोर्ट_पिशवी
वाटलंच मला. तुमच्या वेळापत्रकात शेवटून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिक्टोरिया दिसेल बघा, चार-पाच तास. ते कॅनडात आहे. अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, त्यामुळे परदेशात नोंदलेलं जहाज लोकांना नुसतं अमेरिकन बंदरांमध्येच फिरवून परत आणू शकत नाही, मधे एक तरी परदेशी बंदर लागतं. म्हणून सिॲटलवाल्या अलास्का क्रूझमध्ये ते व्हिक्टोरिया घुसवलेलं असतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना त्यासाठी कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, अमेरिकेचा असला तरी. खाली उतरणार नाही, खोलीत बसून राहू म्हटलं तरी ऐकत नाहीत, कागद नसेल तर सिॲटलच्या धक्क्यावरच चढू देत नाहीत आणि त्याचा रिफंडही नसतो. माझ्या डोळ्यासमोर झालंय, आमच्या रांगेत पुढे एक गुजराती आजी-आजोबा होते, बॅगांना टॅग लावलेले, हातात शाली, आणि मुलगा काउंटरवर हात जोडत होता. जहाज त्यांच्याशिवाय गेलं.

तेव्हा पैसे फेब्रुवारीत का एप्रिलमध्ये हे सोडा. आज अर्ज टाका. त्यांना बायोमेट्रिकला मुंबईला जावं लागेल, मग मंजूर झालं की पासपोर्ट शिक्क्यासाठी द्यायचा, आणि हे सगळं मेमध्ये विमानात बसायच्या आधी.

गोदाकाठ
अरे देवा. हात थरथरतायत माझे. बुकिंगच्या कागदात आहे हो, "प्रवाशांनी आवश्यक कागदपत्रं जवळ ठेवावीत", एवढीच एक ओळ, पान सहा.

हिशेबनीस
आता तरी पटलं ना? बाजारात तुरी आणि तुम्ही फोडणी देताय. व्हिसा हातात येईपर्यंत एक पैसा देऊ नका.

मोकळा_श्वास
इथे मान्य. पण १२ एप्रिलपर्यंत व्हिसा आलाच नाही तर? तेव्हा न भरता दोन्ही केबिन सोडणार का भरून देवावर हवाला ठेवणार? हा प्रश्न तुमच्या "थांबा"नं सुटत नाही हिशेबनीस, फक्त पुढे जातो.

जर्सीकर
मग तेव्हा आई-बाबांची केबिन सोडायची किंवा तारीख पुढे ढकलायची, १२ च्या आधी हे फुकटात होतं. १२ नंतर टप्प्याटप्प्यानं कापत जातात, जसजसं जवळ येईल तसं जास्त, आणि शेवटच्या महिन्यात तर सगळेच गेले. आणि इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, व्हिसा नाकारला हे कारण सहसा धरत नाहीत. "कुठल्याही कारणानं रद्द" वालं महागडं कव्हर असतं, पण ते डिपॉझिट भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावं लागतं, तुमचा डिसेंबर गेला. त्यात आई-बाबा इथले रहिवासी नाहीत, म्हणजे इथली प्रत्येक पॉलिसी त्यांना मिळणारही नाही.

खडूस_काकू
आणि भराल तेव्हा क्रेडिट कार्डानं भरा, डेबिटनं नको. ड्रिंक्स पॅकेज, वायफाय असलं मात्र आधी घेऊन ठेवलं तर स्वस्त पडतं, सेल आला की जुनं रद्द करून नवं घेता येतं. टिप पण लक्षात ठेवा, माणशी दिवसाला १६ ते २० डॉलर म्हणजे तुम्हा पाचांचे सात दिवसांचे पाचशे साठ तरी वेगळे, ते ७,४०० मध्ये आहेत का बघा. माझ्या ह्यांना ते जहाजावर शेवटच्या सकाळी कळलं.

गोदाकाठ
टिप नाहीये त्यात. थांबा, तेवढं लिहून घेते.

अपडेट, चार दिवसांनी. ऑनलाइन अर्ज भरला, बायोमेट्रिकची २४ तारीख मिळाली, बाबा आणि आई आदल्या रात्री ठाण्याला मावशीकडे मुक्काम करणार. बाबांनी बँकेची पस्तीस वर्षांची सवय असल्यासारखी प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्यात आणि आता तेच म्हणतायत, "व्हिसा येईपर्यंत देऊ नका, तारण नाही तर कर्ज नाही." म्हणजे बाबा माझ्या बाजूला आले. नवऱ्यानं बोनस वेगळ्या खात्यात टाकलाय ज्याचा पासवर्ड मला सांगत नाहीये. व्हिसा आला की त्याच दिवशी भरू, नाही आला तर १० एप्रिलला कंपनीला फोन करून त्यांची केबिन सोडू. अलार्म लावलाय १० चा.

हिशेबनीस
११ चा लावा की, एक दिवस आधी पुरतो.

मोकळा_श्वास
ताई, यांचं ऐकू नका. ११ ला शनिवार आणि १२ ला रविवार आहे, कार्डावर एकदम सहा हजार गेले की बँक फ्रॉड समजून ब्लॉक करते, मग बसा त्यांच्या फोनवर टिंगटिंग ऐकत. ८ चा लावा.