मार सोसून बाहेर पडलेल्या बाईची लव्हस्टोरी लिहितेय, हिरो कधी आणू?

वाचनवेडी_नागपूर
नमस्कार मंडळी. एका ॲपवर क्रमशः कादंबरी लिहितेय, रोमान्सच आहे. नायिका चौतिशीची, पुण्यात नवऱ्याचा मार अन संशय सोसून शेवटी चौथीतल्या मुलीला घेऊन नागपूरला माहेरी आली, आता प्रतापनगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्यात आणि एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसते. हिरो त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. सहा भाग झाले आणि वाचक मागे लागलेत की हिरोला लवकर आणा, त्याने नवऱ्याला चांगला चोप द्यावा, मग फुटाळा तलावावर प्रपोज वगैरे. मला ते पटत नाहीये, पण नुसतं दुःखच लिहीत बसले तर ती प्रेमकथा कसली? मला तिला भरभरून प्रेम द्यायचंय. अशी बाई पुन्हा कुणावर विश्वास कशी ठेवते, आधी काय होतं, नंतर काय होतं? आणि घटस्फोट झालेला नसेल तर कथेत काय अडचण येईल? माहीत असेल त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

बर्डीवाला
हिरोनं मारामारी केली का मी तिथेच वाचणं बंद करतो ना बाप्पा. तिनं आयुष्यभर उगारलेला हातच पाहिला, आता दुसऱ्याचा हात कायले दाखवता तिले.

पुन्हा_एकदा
मी स्वतः यातून गेलेय म्हणून लिहिते. ताई, आमच्या घरी गिफ्ट म्हणजे मारानंतरची गोष्ट होती. रात्री हात उचलला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिठाईचा डबा नाहीतर साडी यायची, मग रडणं, पाया पडणं, पोरांना फिरायला नेणं, आणि ते दिवस इतके गोड जायचे की मीच आईला फोन करून सांगायचे, आता सुधारले हो. त्यामुळे नंतर एका चांगल्या माणसाने सहज म्हणून संत्रा बर्फी आणून हातात ठेवली तर माझ्या पोटात गोळाच आला, की आता काय झालंय, काय होणार आहे. कादंबऱ्यांमध्ये हिरो काहीतरी आणतो आणि ती लाजते. तुमची नायिका लाजणार नाही. ती डबा ओट्यावर ठेवून देईल आणि उघडणारच नाही.

दुसरं म्हणजे माणूस चिडत नाही याचीपण भीती वाटते. माझ्या हातून त्याच्या ऑफिसच्या कागदांवर चहा सांडला, तो म्हणाला असू दे, परत प्रिंट काढतो, आणि त्याच्यासाठी विषय संपला. मी मात्र रात्रभर जागी, हा राग आता कधी निघणार म्हणून. निघालाच नाही. असं बऱ्याचदा झालं तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला. तुम्ही प्रेम शोधताय ना, ते मला तिथे दिसलं, जे व्हायची मी वाट पाहत होते आणि झालंच नाही त्यात. आणि तिला जुन्या नवऱ्याची आठवण येऊ द्या. येते ती. स्वतःचीच लाज वाटते पण येते, त्या गोड दिवसांची येते.

समुपदेशक_विदर्भ
वर ताईंनी लिहिलंय त्याला आमच्याकडे हिंसेचं चक्र म्हणतात, लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये मांडलेलं. ताण वाढत जातो, मग मारहाण, मग माफी आणि लाड. सगळ्याच घरांत असं नसतं, कित्येक ठिकाणी माफीबिफी काही नसते. पण तुमच्या कथेसाठी महत्त्वाचं हे की नवरा परत येईल तेव्हा व्हिलन म्हणून येणार नाही, मुलीसाठी सायकल घेऊन डोळ्यांत पाणी आणून दारात उभा राहील. वाचकालाही वाटलं पाहिजे की एक चान्स द्यावा. तो भाग हिरो येण्याआधी लिहा, म्हणजे ती नाही म्हणते ते स्वतःच्या बळावर, पाठीशी दुसरा माणूस आहे म्हणून नाही.

कोर्टातली
वकिली करते, नागपुरातच. दोघं हिंदू आहेत असं धरून सांगते. तिला केससाठी पुण्याला पळवू नका. हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून बायको स्वतः राहते तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करू शकते. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला, त्यात तर ती तात्पुरती राहत असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही जाता येतं, आणि त्यासाठी आधी घटस्फोट लागत नाही. नुसता मारच नाही, शिवीगाळ, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं हेसुद्धा त्यात येतं. म्हणजे तारखेला नागपूरला नवऱ्यानेच यायचं.

संमतीने घटस्फोट असेल तर मध्ये सहा महिने थांबावं लागतं, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की योग्य केसमध्ये ते माफ होऊ शकतात. नवरा अडून बसला तर क्रूरतेच्या मुद्द्यावर लढायचं, त्यात वर्षं जातात. निकालानंतर अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्या, मग लग्नाचं बघा. घटस्फोटाआधीच लग्न लावलंत तर ते रद्दबातल, वर गुन्हा. आणि तोवर हिरोचं तिच्या घरी येणंजाणं असेल तर समोरचा वकील ते हमखास काढणार, मुलीच्या ताब्याच्या वेळी तर नक्कीच. अडथळा पाहिजे ना कथेत? हा खराखुरा आहे. दोघं एकाच जिन्यावर भेटतात आणि तरी तिला हजारदा विचार करावा लागतो.

आणि कुणी खरंच अशा घरात राहून हे वाचत असेल तर १८१ ला फोन लावा, महिला हेल्पलाइन आहे.

धंतोलीची_पोट्टी
फुटाळा सोडा ना ताई, सगळ्यांच्या लव्हस्टोऱ्या तिथेच होऊन राहिल्या. कूलरचा सीन टाका! मार्च संपत आला का माळ्यावरून कूलर काढा, जुनी खस फेका, नवी बांधा, खिडकीत स्टँडवर चढवा, हे काम माणसाचंच असं सारे धरून चालतात अन एकट्या बाईले शेजारीण हटकून विचारते, तुमचा कूलर कोण बसवून देते हो? तुमची नायिका एकटीच तारेनं खस बांधून राहिली, बोटाले टोचून राहिलं, घामानं ओली झाली, अन हा जिन्यात थांबला. त्यानं आत शिरून हातातलं काम हिसकायचं नाही. एक बाजू धरू का, इतकंच विचारावं. ती म्हणते नको. तो बरं म्हणून वर निघून जाते, तोंड वाकडं न करता. मग पुढच्या उन्हाळ्यात ती स्वतःच आवाज देते, जरा धरता का? वर्षभर लागू द्या ना मधात. आम्ही थांबतो वाचायले.

वाचनवेडी_नागपूर
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा_एकदा ताई, तुमचं उत्तर वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. चहा सांडल्याचं तुमची परवानगी असेल तरच घेईन, नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. चोप देणारा सीन काढला. सातवा भाग नवऱ्याचा, सायकलवाला. कूलर आठव्यात, आणि त्यात ती नकोच म्हणणार. वकीलताई, एक विचारायचं होतं, मुलीला वडिलांना भेटायचंच नसेल तर कोर्ट तिचं ऐकतं का? ती फक्त नऊ वर्षांची आहे.