डोळ्यांचे डॉक्टर पाठवावेत, की तिथेच माणसे घडवावीत?

पाऊलवाट (धागाकर्ती)

आफ्रिकेतील आणि आशियातील मागास भागांत डोळ्यांच्या उपचारांसाठी माणसे तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय भागीदाऱ्यांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक भारावलेल्या कौतुकाचा, आणि दुसरा 'हा सगळा देणगीदारांचा कारभार' असे म्हणून विषय झटकून टाकण्याचा. मला या दोन्हींपेक्षा वेगळा मुद्दा मांडायचा आहे.

गरज किती आहे याबद्दल वाद नसावा. 2015 च्या सुमाराच्या अंदाजांनुसार श्रीमंत देशांत दर दहा लाख लोकांमागे सत्तरहून अधिक नेत्रतज्ज्ञ होते, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हाच आकडा तीनच्याही आत होता. ही दरी भरण्यासाठी एखाद्या शल्यचिकित्सकाला निवडून मदुराईला, हैदराबादला किंवा काठमांडूला पाठवायचे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्याचा हात बसवायचा आणि प्रमाणपत्र देऊन परत धाडायचे, असा एक प्रघात पडला आहे. माझ्या मते हे अर्धेच प्रशिक्षण आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची शस्त्रक्रियेची थिएटर ज्यांनी पाहिली असतील त्यांना माझे म्हणणे लगेच कळेल. तिथे एका शल्यचिकित्सकासमोर दोन टेबले असतात. एका डोळ्याचे काम संपले की तो मायक्रोस्कोप फिरवून शेजारच्या टेबलाकडे वळतो, आणि तोवर तिथला रुग्ण भूल देऊन, डोळा स्वच्छ करून तयार असतो. ही तयारी ज्या मुली करतात त्या बहुतेक आसपासच्या खेड्यांतून बारावीनंतर घेतलेल्या आणि दोन वर्षे तिथेच शिकवलेल्या असतात. त्या मुली वजा केल्या तर त्याच डॉक्टरचा वेग निम्म्यावर येईल. आपण मात्र डॉक्टरला शिकवून परत पाठवतो आणि त्या मुलींच्या जागी तिथे कोण उभे राहणार, हे विचारतही नाही.

म्हणून मला पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. दोन यादवी युद्धांनी आणि मग इबोलाने पोखरलेल्या त्या देशात, राजधानी मोन्रोव्हियाच्या जॉन एफ. केनेडी रुग्णालयात, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या साहाय्याने 2017 साली नेत्रकेंद्र सुरू झाले. भारतातून गेलेली मंडळी तिथे मुक्काम करून राहिली आणि शिकवण्याचे काम तिथल्याच इमारतीत, तिथल्याच रुग्णांवर सुरू झाले. भागीदारी अशीच असावी, असे माझे मत आहे. विरुद्ध मत असणाऱ्यांनी जरूर लिहावे.

---

तर्कटी

असहमत. संपूर्ण चमू तयार होईपर्यंत थांबा, असे तुमच्या मांडणीतून निघते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेल्या सत्तरीच्या बाईला 'संस्था उभी राहतेय, पाच वर्षांनी या' असे सांगणार का? बाहेरून आलेले पथक आठवडाभरात तिला पाहता करून जाते, आणि त्याला 'शिबिरी मदत' म्हणून नाक मुरडायला आपण मोकळे!

दुसरे असे, की प्रशिक्षणाचे श्रेय आपण फार फुगवून सांगतो. खरा फरक वस्तूच्या किमतीने पडला. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंग आयात करावे लागत होते तेव्हा ते गरिबाच्या आवाक्यात नव्हतेच. 1992 साली मदुराईत अरविंदचीच भिंगे बनवणारी ऑरोलॅब सुरू झाली. पुढे ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्या नावाने चालणाऱ्या कामातून काठमांडू आणि एरिट्रियातील अस्मारा येथे भिंगांचे कारखाने निघाले. भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरातून दहा डॉलरच्या आसपास आणि त्याहूनही खाली आली, तेव्हा कुठे शिकलेल्या हातांना काम मिळाले. काठमांडूच्या तिलगंगा नेत्रसंस्थेची गोष्ट आपण नेपाळी नेत्रतज्ज्ञ सान्दुक रुइत आणि हॉलोज यांच्या मैत्रीची म्हणून सांगतो, पण तो कारखाना नसता तर ती मैत्री फारशी कुणाच्या उपयोगी पडली नसती.

---

दारेसलामकर

मी डॉक्टर नाही. हिशेबनीस म्हणून टांझानियात बरीच वर्षे काढली आहेत आणि त्या काळात काही दवाखान्यांचे जमाखर्च तपासले आहेत. नावे घेत नाही. एका जिल्हा रुग्णालयाच्या भांडारात मालमत्तेची मोजणी करताना आम्हाला प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेला शस्त्रक्रियेचा मायक्रोस्कोप सापडला. यंत्र देणगीतून आलेले, चालू स्थितीतले, फक्त बल्ब उडालेला. त्या जातीचा बल्ब देशात मिळत नव्हता आणि परदेशातून मागवण्याची मागणीची चिठ्ठी आठ महिने एका फाइलीत पडून होती. ज्या माणसाला त्या यंत्रावर काम करण्यासाठी बाहेर शिकवून आणले होते तो बाह्यरुग्ण विभागात ताप-खोकला पाहत होता.

तर्कटी, तुम्ही म्हणता की वस्तूने फरक पडला. मी तर ती वस्तूच फडक्याखाली पाहिली आहे. आणि पाऊलवाट, तुमच्या चमूत नर्स आहेत, पण यंत्र दुरुस्त करणारा आणि भांडार सांभाळणारा नाही. माझ्या अनुभवाने पहिले प्रशिक्षण त्यांनाच द्यायला हवे.

---

निमशहरी नेत्रतज्ज्ञ

या भागीदाऱ्यांतून नेमके कोणाला शिकवले जाते, या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. मलावी, केनिया, टांझानिया अशा देशांत एम.बी.बी.एस.च्या तोडीची पदवी नसलेल्या क्लिनिकल ऑफिसर किंवा असिस्टंट मेडिकल ऑफिसर दर्जाच्या माणसांना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शिकवण्याची रीत आहे, आणि परदेशी संस्था तिला पैसा पुरवतात. आपल्याकडे महाराष्ट्रात नेत्र चिकित्सा अधिकारी चष्म्याचा नंबर काढतो, डोळ्याचा दाब पाहतो, शिबिरातून रुग्ण निवडतो, पण चाकू हाती घेत नाही. आपल्या आईवडिलांच्या डोळ्यांसाठी आपण जो नियम ठेवतो तो दुसऱ्यांच्या आईवडिलांसाठी का शिथिल करावा? भिंगामागचे पातळ आवरण फाटून डोळ्यातला जेलीसारखा काचद्रव पुढे आला, तर पुढची पंधरा मिनिटे काय करायचे हे चांगल्या-चांगल्यांना जड जाते. साध्या केसेस शंभर केल्या म्हणून ते आपोआप येत नाही.

टाक्याविना लहान छेदाच्या शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात 400 रुग्णांवर तिची फेकोशी, म्हणजे यंत्राच्या ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या पद्धतीशी, तुलना झाली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा आठवड्यांनंतरची चष्म्यासहची दृष्टी जवळपास बरोबरीची आढळली; खर्च कमी असल्याचे 2007 सालच्या वेगळ्या लेखात आले. पण ते हात अनुभवी नेत्रशल्यचिकित्सकांचे होते, हे विसरू नये.

---

निवृत्त नेचिअ

वर माझ्या पदाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. एकतीस वर्षे ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. डॉक्टरसाहेब म्हणतात ते खरे आहे, आम्ही चाकू घेतला नाही, आणि घ्यावा असे मला कधी वाटलेही नाही. पण आमच्या जिल्ह्यात नेत्रशल्यचिकित्सकाची जागा भरलेली असायची आणि जिल्हा रुग्णालय एस.टी.ने अडीच तासांवर होते. ती जागाच नाही आणि अडीच तासांच्या जागी दोन दिवस लागतात, तिथे आमचा नियम नेऊन ठेवणे मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवली गेली नाही आणि ती मी पदरमोड करून शिकलो. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी रुग्णाला परत बोलावून त्याची दृष्टी तपासायची आणि वहीत मांडायची. 'ऑपरेशन झाले' आणि 'दिसू लागले' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. लक्ष्य पहिलीचे मागतात, दुसरी कोणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली जुनी कसोटी अशी होती, की शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतल्या किमान ऐंशी डोळ्यांना हाती असलेल्या चष्म्यासह 6/18 (निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरून) किंवा त्याहून चांगले दिसावे आणि वाईट निकाल पाचाच्या आत राहावेत. मी पहिल्या वर्षीची वही मांडली तेव्हा आम्ही त्या कसोटीत बसत नव्हतो. कारण शोधल्यावर कळले, की बऱ्याच जणांच्या हातात शस्त्रक्रियेनंतरचा चष्माच पोचला नव्हता.

---

पाऊलवाट

दारेसलामकर, तुमचा बल्ब माझ्या मांडणीतली उणीव दाखवून गेला. यंत्र सांभाळणारा माणूस चमूत हवाच, हे मान्य.

निमशहरी, तुमचा आक्षेप गंभीर आहे, पण पश्चिम आफ्रिकेतील गांबियाकडे पाहा. तिथे 1986 साली राष्ट्रीय नेत्रसेवा कार्यक्रम सुरू झाला, ब्रिटनमधील साइटसेव्हर्स या संस्थेच्या भागीदारीने. गावपातळीवरच्या नर्सपासून नेत्रसेवेची उतरंड बांधली गेली आणि त्या उतरंडीत डॉक्टर नसलेले शस्त्रक्रिया करणारेही होते. 1986 आणि 1996 अशा दोन पाहण्यांत देशातील अंधत्वाचे प्रमाण 0.70 टक्क्यांवरून 0.42 टक्क्यांवर आले. अर्थात त्याचे सारे श्रेय या एका वर्गाला देता येणार नाही. पण अशा माणसांना वगळून ते साधले असते, असे म्हणणे मला कठीण वाटते.

हात बसवण्याच्या पद्धतीही आता बदलत आहेत. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वे या देशांतील 50 प्रशिक्षणार्थी नेत्रतज्ज्ञांवर झालेला एक प्रयोग 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्यांना केपटाउनमध्ये आठवडाभर कृत्रिम डोळ्यांवर सराव दिला होता. नेत्रगोलाच्या पांढऱ्या कवचात अर्धचंद्राकृती पात्याने बोगदा खणण्याची, लहान छेदाच्या शस्त्रक्रियेतली अवघड पायरी त्यांनी खऱ्या डोळ्याला हात लावण्यापूर्वी पुन्हा पुन्हा गिरवली, आणि पुढच्या वर्षभरात त्यांचे कौशल्य व काम दोन्ही सरस ठरले. मार्गदर्शक परदेशी होते आणि स्थानिकही. शिकणारे आपापल्या देशांत परतले. असा आठवडा मला 'शिबिरी' वाटत नाही, तर्कटी, कारण त्यात रुग्णावर नव्हे, शिकणाऱ्यावर वेळ खर्च झाला.

---

तर्कटी

केपटाउनचा दाखला चांगला आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. आठवडाभराची, नेमक्या हेतूची, बाहेरून दिलेली मदत उपयोगी ठरते, हेच त्यातून दिसते. मग लायबेरियासारखा वर्षानुवर्षांचा मुक्काम हाच आदर्श कसा?

मुक्कामाची दुसरी बाजू कोणी लिहिली नाही, ती मी लिहितो. परदेशी भागीदाराच्या केंद्रात पगाराला भत्ता जोडलेला असतो. सरकारी रुग्णालयातली जी एकुलती एक अनुभवी नर्स असते तीच तिकडे ओढली जाते. भागीदारीचा करार संपला की भत्ता जातो, आणि तोवर तिची जुनी जागा गोठवलेली असते. कर्मचारी तयार करण्याच्या नावाखाली आपण कर्मचारी उचलतो.

---

दारेसलामकर

हे मी हिशेबात पाहिले आहे, म्हणून तर्कटींशी इथे सहमत. त्यावरचा एक उपायही पाहिला. एका करारात अट होती, की भत्त्याचा वाटा दर वर्षी ठरावीक प्रमाणात सरकारी वेतनपत्रकावर चढेल, आणि ज्या वर्षी चढणार नाही त्या वर्षी नवीन प्रशिक्षणार्थी घेतले जाणार नाहीत. दुसऱ्या वर्षी मंत्रालयाने टाळाटाळ केली, तेव्हा त्या वर्षीची तुकडी खरोखरच रद्द झाली. तिसऱ्या वर्षी जागा मंजूर झाल्या. रद्द झालेल्या तुकडीतल्या तरुणांचे काय झाले, ते मात्र मी सांगू शकत नाही.

---

निमशहरी नेत्रतज्ज्ञ

गांबियाचे आकडे मी मानतो. माझा आग्रह आता एवढाच उरतो: ज्यांना शस्त्रक्रिया शिकवाल, त्यांच्या मागे दूरध्वनीवर तरी उपलब्ध असलेला एक नेत्रशल्यचिकित्सक नेमा, आणि नेचिअसाहेबांनी सांगितलेली सहा आठवड्यांची वही करारातच घाला. पैसा देणाऱ्याने ती दर तिमाहीला मागावी, आणि चष्म्याचा रकाना रिकामा असेल तर पुढचा हप्ता अडवावा. शस्त्रक्रिया कोणी केली, या रकान्याकडे मी नंतर पाहीन.