मदत हवी आहे: लायसन्स असून टेस्ट रिपोर्ट परत आला (बडोदा)

खानदेशी_वायर
बडोद्यातलं कोणी लाईनमधलं असेल तर लवकर सांगा, वेळ नाहीये. वाघोडिया रोडला एका शेठच्या दुकानाचं अख्खं वायरिंग मी केलंय. नवीन मीटरचा अर्ज टाकला तर फाइल परत आली. टेस्ट रिपोर्टवर (वायरिंग तपासल्याचा कागद) लायसन्सवाल्याचा सही-शिक्का पाहिजे म्हणतात. अहो, लायसन्स आहे ना माझ्याकडे! नंबर टाकलाय, झेरॉक्स जोडलीय. टेबलावरचा माणूस "आ नहीं चाले" एवढंच म्हणतो, पुढे ताकास तूर लागू देत नाही. शेठला पहिल्या माळेला ओपनिंग करायचंय, सकाळ-संध्याकाळ फोन चालू. माझं पेमेंट अडकलंय ते वेगळंच. कुठे जायचं आणि कोणाला भेटायचं एवढंच सांगा. नियम शिकवू नका.

दांडियाबाजारकर
कसलं लायसन्स? लोड किती? सिंगल फेज की थ्री? आरजीपी, म्हणजे घरगुती, की नॉन-आरजीपी? हे काहीच लिहिलेलं नाही, मग सांगायचं काय?

खानदेशी_वायर
दुकान आहे म्हटलं ना, मग नॉन-आरजीपीच असणार. थ्री फेज, 12 किलोवॅट. सेव-उसळ आणि फरसाणचं दुकान आहे. भट्टी गॅसवर, बाकी बेसनाचं मशीन, मिक्सर, डीप फ्रीझर, एसी, लायटिंग. लायसन्स म्हणजे इलेक्ट्रिकचं लायसन्स, अजून कसलं?

जुगाडू_मांजलपूर
एवढं डोकं कशाला लावता भाऊ. शिक्का मारून देणारे पुष्कळ आहेत. फॉर्म नेऊन द्या, चहा प्या, सही घेऊन या. अर्ध्या गावाचं असंच चालतं. तुमचं काम चांगलं असेल तर कोण बघायला येतंय?

निवृत्त_जीईबी
जुगाडू, असले सल्ले जाहीरपणे देऊ नका. त्या सहीचा अर्थ "काम माझ्या देखरेखीखाली झालं आणि मी स्वतः तपासलं" असा होतो. उद्या त्या दुकानात कोणाला शॉक बसला तर वीज कायद्याच्या कलम 161 खाली विद्युत निरीक्षकाकडे अपघाताची खबर जाते आणि चौकशीत पहिला कागद निघतो तो हाच. सही करणारा म्हणेल मी जागेवर गेलोच नव्हतो, मग सगळं येणार या मुलाच्या अंगावर.

खानदेशी, तुझ्याकडचा कागद नीट वाच. वर काय छापलंय? परमिट, सर्टिफिकेट की कॉन्ट्रॅक्टर लायसन्स? तिन्ही वेगवेगळे कागद आहेत.

खानदेशी_वायर
वायरमन परमिट. तेच ना लायसन्स? सगळे लायसन्सच म्हणतात.

मेगरवाला
घ्या, इथे घोडं पेंड खातंय. परमिट म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने काम करायला पात्र आहात. सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र म्हणजे दुसऱ्याच्या कामावर देखरेख करायला पात्र. आणि काम अंगावर घेऊन रिपोर्ट द्यायचा तर कॉन्ट्रॅक्टर लायसन्स. बस चालवायचा बॅज असला म्हणून कोणी स्वतःची ट्रॅव्हल्स काढू शकत नाही, तसं आहे हे. रिपोर्टच्या फॉर्मवर लायसन्स नंबरच्या रकान्यात तुम्ही परमिटचा नंबर टाकला असणार. टाकला ना?

दांडियाबाजारकर
आणि परमिट कुठल्या राज्याचं? नाव खानदेशी दिसतंय म्हणून विचारतो. मुदत बाकी आहे का, तेही बघून सांगा.

खानदेशी_वायर
धुळ्याला आयटीआय केलं, तारतंत्री ट्रेड, दोन वर्षं. परमिट महाराष्ट्राच्या बोर्डाचं. पण मी बडोद्यात बरीच वर्षं काम करतोय, मकरपुरा जीआयडीसीत कितीतरी शेड वायर केल्यात, आजवर कोणी विचारलं नाही. करंट काय महाराष्ट्रात वेगळा आणि गुजरातमध्ये वेगळा असतो का?

निवृत्त_जीईबी
त्या शेडची कामं कोणा कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली केलीस ना? मग रिपोर्ट त्याच्या नावाने गेले. तुला कोण विचारणार? या वेळी काम थेट तुझ्या अंगावर आहे, म्हणून विचारलं.

नियम नको म्हणालास, तरी हा एक वाचच. आमच्या वेळी 1956 च्या वीज नियमांतला नियम 45 होता. तो गेला, पण त्यातली तरतूद केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांत 29 व्या क्रमांकाला आली आणि 2023 च्या नव्या विनियमांतही तीच आहे. काम राज्य सरकारचं लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरने घ्यायचं, प्रमाणपत्रधारकाच्या थेट देखरेखीखाली करायचं, आणि हात लावणाऱ्याकडे राज्य सरकारने दिलेलं किंवा मान्य केलेलं परमिट हवं. ते "मान्य केलेलं" तुझ्या कामाचं आहे. महाराष्ट्राचं परमिट घेऊन गुजरातच्या लायसन्सिंग बोर्डाकडे मान्यतेसाठी अर्ज कर. बोर्ड मुख्य विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात, गांधीनगरला. वीज कंपनीच्या सबडिव्हिजनच्या टेबलावर हे काम होत नाही, तिथे भांडून उपयोग नाही.

रावपुरा_सोलर
शेठला सांगा एवढी कटकट करण्यापेक्षा छतावर सोलर टाका. पीएम सूर्यघरमध्ये 3 किलोवॅटला 78,000 सबसिडी आहे. व्हेंडर मी सुचवतो.

मेगरवाला
रावपुरा, सूर्यघर घरांसाठी आहे, फरसाणच्या दुकानाला सबसिडी कुठून मिळणार? आणि त्याला अजून मीटरच मिळालं नाहीये, नेट मीटर कसलं लावता?

ग्राहक_हक्क
मुद्दा भरकटतोय. 2024 च्या दुरुस्तीनंतर नवीन कनेक्शन महानगरात 3 दिवसांत, इतर पालिका क्षेत्रात 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत द्यायलाच लागतं. लेखी तक्रार टाका, सगळे सुतासारखे सरळ येतील.

दांडियाबाजारकर
ते दिवस पूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजतात. रिपोर्टच चुकीच्या नावाने असेल तर अर्ज पूर्ण कुठे झाला? तक्रार टाकली तर हेच लेखी मिळेल.

ग्राहक_हक्क
मग फाइल परत करताना कारण लेखी द्यायला नको का? "आ नहीं चाले" हे काय कारण झालं?

दांडियाबाजारकर
हे मान्य.

सौ_अलकापुरी
धागा वेगळा आहे, तरी विचारते. आमच्याकडे गीझर लावला की घरातला आरसीसीबी (करंट लीक झाला की लाईन तोडणारा स्विच) खाली पडतो. सोसायटीचा वायरमन म्हणतो आरसीसीबी काढून साधा एमसीबी (नुसता ओव्हरलोड-शॉर्टला पडणारा) टाकू. त्याच्याकडे लायसन्स नाही. टाकू द्यावा का?

मेगरवाला
ताई, अजिबात नाही. गीझरचं एलिमेंट लीक झालं असणार. आरसीसीबी पडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय, तो काढलात तर तोच करंट नळातून हाताला लागेल. गीझरचा प्लग काढून बघा. मग पडला नाही, तर दोष गीझरचाच समजा. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण आहे त्याच क्षमतेचं बदललं तर ते या लायसन्सच्या नियमातून वगळलेलं आहे. नवीन लाईन ओढायची किंवा लोड वाढवायचा असेल तर नियम लागतो.

जुगाडू_मांजलपूर
आता पंखा लावायलाही कायदा सांगणार वाटतं.

मेगरवाला
पंखा वगळलाय असंच लिहिलंय वर. वाचत जा की हो.

खानदेशी_वायर
माझं काय? गांधीनगर वगैरे नवरात्रीच्या आत होणार नाही. बरं, आयटीआय सर्टिफिकेटवर थेट कॉन्ट्रॅक्टर लायसन्स मिळत नाही का? एकाने सांगितलं मिळतं.

निवृत्त_जीईबी
नाही. आयटीआय हे शिक्षण झालं. कॉन्ट्रॅक्टरला पदरी प्रमाणपत्रधारक सुपरवायझर दाखवावा लागतो, आणि मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र), अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर ही उपकरणंही स्वतःची लागतात. पुढेमागे तुला ते करायचं असेल तर आधी सुपरवायझरची परीक्षा दे. तुझ्यासारखी हाताला सवय असलेली मुलं त्यात बरी निघतात. ते नवरात्रीनंतर बघ.

सध्या एकच रस्ता आहे. ज्याच्या हाताखाली तू शेडची कामं केलीस त्याच्याकडे जा. त्याचं गुजरातचं लायसन्स चालू असेल तर सांग, काम झालंय, पण सुपरवायझर पाठवून सगळं तपासा, चाचण्या तुमच्या घ्या आणि मगच सही करा. तपासणीचे पैसे मागेल, ते द्यायचे. नुसता शिक्का मागू नकोस.

खानदेशी_वायर
त्याच्याशी थोडं वाजलंय. काम मी बाहेरून परस्पर घेतलं म्हणून.

दांडियाबाजारकर
हा सगळ्यात महत्त्वाचा भाग तुम्ही आत्ता सांगताय.

मेगरवाला
दुसरा कॉन्ट्रॅक्टर शोधा, पण तो अनोळखी माणसाच्या बंद भिंतीवर सही करायला कां कूं करेल. त्याआधी स्वतः तयारी ठेवा. कोणत्या सर्किटला किती स्क्वेअर एमएमची वायर, कोणत्या एमसीबीवर, हे कागदावर काढा. लायटिंग 1.5, प्लग 2.5, एसी 4, असं काही आहे का? प्लास्टरच्या आधीचे फोटो काढलेत? आणि मेगर मारला का एकदा तरी?

खानदेशी_वायर
फोटो आहेत, शेठला पाठवायला काढले होते. वायर तुम्ही लिहिलीय तशीच. मेगर माझ्याकडे नाही. सिरीज टेस्ट लॅम्पने बघितलंय, सगळं ओके. फॉल्स सीलिंगही झालंय, आता उघडणार नाही.

निवृत्त_जीईबी
टेस्ट लॅम्पने इन्सुलेशन कळत नाही. लाईव्ह आणि अर्थ यांच्यामध्ये 500 व्होल्ट डीसी, एक मिनिट, आणि निदान 1 मेगओहम आलं पाहिजे. पावसाळ्यातलं नवं प्लास्टर, कन्सील पाइपात ओल, बोर्डाच्या मागे पाणी... कमी येण्याची दाट शक्यता आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर तळमजल्यावरचे बोर्ड सुकवल्याशिवाय एकही सर्किट पास होत नव्हतं.

कलाभवन_नातू
काका, तुम्ही जीईबीत (गुजरातच्या जुन्या वीज मंडळात) होतात तेव्हाची गोष्ट सांगा ना. आमचे आजोबा कलाभवनात शिकले होते. सयाजीरावांनी 1890 ला काढलं, तेव्हा हिंदुस्थानात असं हाताचं शिक्षण कुठे होतं! आता मुलं यूट्यूब बघून डीबी (सगळ्या एमसीबींची पेटी) बसवतात.

निवृत्त_जीईबी
जीईबीच्या गोष्टींसाठी वेगळा धागा काढा. 1960 ते 2005, पुरेल महिनाभर.

खानदेशी_वायर
अपडेट. जुन्याच कॉन्ट्रॅक्टरकडे गेलो, शेठला सोबत घेऊन. आधी दोन शब्द ऐकवले, मग सुपरवायझर पाठवला. त्याने मेगर लावला तर लायटिंगच्या दोन सर्किटला 0.2 च्या आसपास. माझे हातपाय गार. मग त्याने डीबीतला सर्ज प्रोटेक्टर सोडवला, एलईडीचे ड्रायव्हर काढायला लावले, तर एक सर्किट एकदम 50 च्या वर गेलं. दुसरं तिथेच. ते बाहेरच्या बोर्डाचं निघालं. पाइपाचं तोंड वर ठेवलं होतं पेंटरने, वायर ओढली तसं पाणी धार लागून बाहेर आलं. पाइप उलटा वळवला, वायर बदलली. सीलिंगला हात लावावा लागला नाही.

मेगरवाला
हेच. इलेक्ट्रॉनिक सामान जोडलेलं ठेवून मेगर मारला की आकडा खोटा येतो, आणि वर ते सामान जळतं ते निराळं. अर्थिंग किती आलं?

खानदेशी_वायर
एक पिट (अर्थिंगचा खड्डा) ठीक, दुसऱ्याला रेझिस्टन्स जास्त आला. पाणी आणि मीठ-कोळसा टाकून उद्या परत बघतो म्हणाला. त्याशिवाय सही नाही म्हणतो. शेठ माझ्याकडे डोळे वटारून बघतोय.

निवृत्त_जीईबी
बरोबर म्हणतोय तो. सब-डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले नाहीत ना, तेही त्याच्यासमोर बघून घे. तसं असलं तर आरसीसीबी उगाच पडत राहील आणि शेठ तुलाच बोलावेल.

खानदेशी_वायर
नाही, वेगवेगळे आहेत. काका, परमिटच्या मान्यतेचा अर्जही लगेच टाकतो. त्याला काय काय लागेल?

दांडियाबाजारकर
मूळ परमिट, आयटीआयची मार्कशीट, ओळखपत्र, इथल्या पत्त्याचा पुरावा, फोटो हे सगळं काढून ठेवा. नेमकी यादी आणि फी बोर्डाच्या वेबसाइटवर फॉर्मबरोबर मिळेल. पण मी वर मुदतीचं विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून दिलं नाहीत. मुदत संपलेली असेल तर आधी महाराष्ट्रात नूतनीकरण करून घ्यावं लागेल, संपलेलं परमिट इकडे कोणी मान्य करणार नाही.

खानदेशी_वायर
मार्चमध्ये संपलीय.