14 फुटांच्या पट्टीत मुलींसाठी खोल्या: कंटेनर ठेवू की पॅनलच्या करू?

जुनी_पेठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. जळगावच्या जुन्या पेठेत वडिलांच्या बंद पडलेल्या डाळीच्या गोदामापुढे एक पट्टी आहे. वाटणीत ती माझ्याकडे आली. रुंदी 14 फूट, लांबी 62. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या दुमजली भिंती. फाटकी बारदानं, गंजलेली पिंपं आणि रुईची झुडपं, एवढंच तिथं आहे. विकायला काढली की लोक गाड्या लावायची जागा म्हणून भाव करतात.

मला तिथं तीन खोल्या करायच्या आहेत. यावल, चोपडा, पारोळ्याहून नर्सिंगला आणि अभ्यासिकेत येणाऱ्या पोरी मी रोज बघते. एकेका खोलीत पाच-सहा जणी कॉट टाकून राहतात, काही ठिकाणी धड खिडकीसुद्धा नाही. माझ्याकडे एका खोलीत दोघीच राहतील. पुढे गोदामाचं काही ठरलं तर खोल्या सोडवून दुसरीकडे नेता याव्यात, म्हणून विटांचं बांधकाम नको. एक एजंट 20 फुटी जुना कंटेनर घ्या म्हणतो, दुसरा पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेले तक्ते.

मला धास्ती आहे ती मे महिन्याची. पारा 45 च्या वर गेल्यावर त्या पोरींना दुपारी आत बसून अभ्यास करता येईल का?

भुसावळ_फॅब्रिकेशन

ताई, तुमना इचार भारी शे. मी शेड, पोर्टा केबिन, साइट ऑफिस हीच कामं करतो. कंटेनर घेऊ नका.

एक तर त्याचं माप. बाहेरून 8 फूट दिसतो, पण आतली रुंदी 2.35 मीटर आणि उंची 2.39. उष्णता अडवायला आतून अस्तर लावलं की दोन्ही अंगांनी आणखी दोन-तीन इंच जातात. राष्ट्रीय इमारत संहितेत अशा एकट्या खोलीला किमान 9.5 चौरस मीटर जागा, 2.4 मीटर रुंदी आणि 2.75 मीटर उंची मागितली आहे. म्हणजे अस्तर लावायच्या आधीच तो नापास. हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर घेतला तरी उंचीत थोडक्यासाठी कमीच पडतो. शिवाय रिकामा डबाच सव्वादोन टनांच्या आसपास. ट्रेलर आणि हायड्रा क्रेन पेठेच्या बोळात, लोंबत्या तारांखालून आणणार कसे? पॅनल माणसं हातानं आत नेतात. नट-बोल्टची चौकट जागेवर जोडायची, उद्या सोडवायची. तुमची अटही पाळली जाते.

आता उन्हाचं. 50 एमएमचं पॅनल एसी लावलेल्या साइट ऑफिसला ठीक. राहायला छताला 100 आणि भिंतीला 80 घ्या. पण पॅनल ऊन अडवतं, साठवत नाही. आपल्या धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत दुपारची धग आत पोचायला संध्याकाळ करते. पॅनलच्या खोलीचं दार दुपारी उघडं राहिलं की ती लगेच तापते, आणि रात्री तितकीच लवकर निवते. म्हणून ऊन छतापर्यंत पोचूच द्यायचं नाही. पॅनलच्या वर दीड फूट मोकळं सोडून दुसरं छप्पर करा: केळीच्या रोपवाटिकेत असते तसली शेडनेट, नाहीतर बांबूच्या तट्ट्या. पट्टी उत्तर-दक्षिण असेल तर शेजाऱ्यांच्या भिंतींची सकाळ-संध्याकाळची सावली फुकट मिळते.

खोल्या 10 बाय 12 च्या करा, बाजूला 4 फुटांची वाट. तीन खोल्यांचे 36 फूट, न्हाणी-संडासाचे 8, उरलेल्या 18 फुटांत सहा-सहा फुटांचे तीन मोकळे चौक. खिडक्या समोरासमोर, चौकांकडे. आपली मेची हवा कोरडी असल्यानं कूलर झकास चालतो, पण तो जेवढी हवा आत ढकलतो तेवढी समोरून बाहेर गेली पाहिजे. बंद खोलीत तासाभरात नुसती घामाची चिकचिक होते.

रात्रपाळी

एमआयडीसीत मी गच्चीवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये राहतो. रात्री कामावर आणि दिवसा झोप, त्यामुळे वर फॅब्रिकेशनवाले भाऊ सांगतात ते दुपारचं तापणं रोज भोगतो. ताई, भाडेकरू दिवसा आत असणार की रात्री, यावर सगळं आहे. अभ्यासाच्या पोरी दिवसा असणार, तेव्हा दुसऱ्या छपराचा खर्च वाचवू नका. आणि नळ रोज येत नाही म्हणून टाकी मोठी लागेल, ती केबिनच्या डोक्यावर ठेवू नका. 500 लिटर म्हणजे अर्धा टन. तिला वेगळा स्टँड करा.

धुळे_सिव्हिल

आगीचा विषय कुणी काढला नाही. पफ पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. मुली आत शेगडी किंवा इंडक्शन लावणारच, तुम्ही नाही म्हटलं तरी. पॅनल रॉकवूलचं, म्हणजे फोमऐवजी दगडी लोकर भरलेलं घ्या. जड असतं, महाग पडतं, उष्णता अडवण्यात पफपेक्षा कमी, म्हणून भिंतही 100 एमएमची ठेवा. वायरिंग पाइपातूनच न्या. आणि 62 फुटांच्या पट्टीला रस्त्याकडे एकच तोंड असेल तर मागून गोदामात निघणारं दार पाडल्याशिवाय एकही मुलगी राहायला आणू नका. हे मी फार कळकळीनं सांगतोय.

खाली काळी माती आहे का बघा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि हलक्या खोल्यांना उचलते. वरची माती काढून मुरूम भरा, चौकटीच्या पायांना उंची जुळवायचे स्क्रू जॅक ठेवा.

'पाया नाही म्हणजे परवानगी नको' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तात्पुरत्या बांधकामालाही परवानगी लागते. 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत दाटवस्तीच्या भागाला मोकळ्या अंतराचे नियम वेगळे आहेत. 14 फुटांत 10 ची खोली बसते की नाही, हे आधी नगररचना विभागातून लेखी घ्या.

जुनी_पेठ (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. कंटेनर रद्द. गोदामाकडचं दार नक्की काढते, भिंत आमचीच आहे. एकच शंका राहिली. पॅनलची खोली म्हटलं की मुलींचे आई-वडील 'पत्र्याचं खोकडं' म्हणून नाक मुरडतील का?

धुळे_सिव्हिल

आग्रा रोडनं वर इंदूरला केंद्राच्या लाइट हाउस या घरबांधणी प्रकल्पात 1,024 घरं सँडविच पॅनलची, म्हणजे दोन पातळ थरांत भरण घातलेल्या पॅनलची आहेत, तीही बहुमजली इमारतींत. पायाभरणी 2021 ची. त्याचे फोटो दाखवा.

भुसावळ_फॅब्रिकेशन

आणि आई-वडिलांना मे महिन्यातच दुपारी दोनला बोलवा, खोलीत बसवा. ताई, टेप लावाल तेव्हा शेजारच्या भिंतींची उंची आणि पट्टीची दिशा लिहून इथं टाका. मग दुसऱ्या छपराला किती पाइप लागेल ते काढून देतो.